चौथी पास, तलासरीपर्यंत

मी चौथी पास आहे. आमच्या पाड्यावर माझ्या वयाच्या बायांमध्ये एवढी शिकलेली मी एकटीच, आणि हे मी पन्नास वर्षं कुणाला विसरू दिलं नाही. लग्न होऊन आले त्या आठवड्यात सासऱ्यांनी खताच्या गोणीवरचं माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं आणि ते ऐकायला चार माणसं बोलावली. तेव्हापासून पाड्यावर कुठलाही कागद आला की तो आधी माझ्या हातात यायचा. रेशनचा, दवाखान्याचा, तलाठ्याचा. लोक ओट्यावर बसून राहायचे. मी हातातलं काम संपवायची, हात धुवायची, पदराला पुसायची आणि मग सावकाश वाचायला घ्यायची. मुद्दाम सावकाश. वाचता येणाऱ्या माणसाची वाट बघावी लागते, यात मला मजा वाटायची. खोटं कशाला सांगू?

त्या वाट बघणाऱ्यांत माझी थोरली जाऊ कायम पुढे. मला पाच वर्षांनी मोठी. ती शाळेत एकच दिवस गेली होती, दुसऱ्या दिवशी तिला गुरांमागे धाडलं. तिची एक लेक तलासरीच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीत दिलेली. ही माझी पुतणी पाचवीपर्यंत आपल्या शाळेत शिकलेली, म्हणून तेव्हा ती आईला पोस्टकार्डं धाडायची. ती मीच वाचून दाखवायची. जाऊ पोस्टकार्ड परत घ्यायची, उलटसुलट बघायची आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची.

एका पोस्टकार्डातली एक ओळ मी वाचली नव्हती. पुतणीनं लिहिलं होतं, ‘आई, लावणीत घरी हातांना तोटा नाही, तू इकडे ये आणि चार दिवस राहा.’ घरी हात होते ते कुणाचे? माझे. ती गेली असती तर तिच्या वाट्याचा चिखल मला तुडवावा लागला असता. मी ओळ गाळली, खालचा नमस्कार तेवढा वाचला. जाऊ म्हणाली, “ये म्हणून नाय लिहिलं का गं?” मी म्हटलं, “नाही.” आणि भात शिजत टाकायला गेले.

ही झाली जुनी गोष्ट. पुढे फोन आले, पोस्टकार्डं थांबली. डबा मात्र तिच्या फळीवर राहिला.

आम्ही दोघी जावा बरीच वर्षं डहाणूच्या बाजारात एसटी स्टँडसमोर मिरची, वांगी घेऊन बसतो. शेजारी शेजारी बसतो आणि भांडतो. गेल्या दिवाळीनंतर, भात कापून झाल्यावर, आमच्या शाळेतल्या बाई पाड्यावर आल्या. चोवीस-पंचवीसची पोर, हातात यादी. मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवायचं सरकारनं काढलंय, म्हणाल्या. शिकवणारं माणूस पाड्यातलंच हवं. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. बाईंनी आधी छोटं भाषण केलं. साक्षरता म्हणजे उजेड, निरक्षरता म्हणजे अंधार, असं काहीतरी. माझी जाऊ मध्येच म्हणाली, “बाई, पंचाहत्तर वर्षं मी कुठे आपटले नाय. मला दिसतंय सगळं.”

सगळे हसले. बाईसुद्धा. मग जावेनं विचारलं, “शिकले तर मला एकटीला गाडीनं लेकीकडे जाता येईल का?”

बाई म्हणाल्या, “येईल की, आजी.”

“मग माझं नाव घाल.”

ती असं का म्हणाली, ते सांगते. तिच्या नातीचं, म्हणजे त्या लेकीच्या लेकीचं, पहिलं बाळंतपण होतं. नात माहेरी आलेली, शिमग्याच्या सुमाराला दिवस भरणार होते. जावेला पणतवंडाचं बारसं गाठायचं होतं. पण तिला नेणार कोण? तिचा मुलगा कारखान्यात पाळीवर. “आई, रविवारी नेतो,” असं तो दोन वर्षं म्हणत होता आणि दोन वर्षं त्याच्या रविवाराला काहीतरी व्हायचं. जन्मात ती एकटी कुठे गेलेली नाही. बापानं नेलं, नवऱ्यानं नेलं, आता मुलगा नेत नव्हता. एवढंच तिचं म्हणणं होतं. बाकी उजेडाशी तिला देणंघेणं नव्हतं.

“पोटातलं पोर आधी बाहेर येतं की माझी अक्षरं, बघू,” ती मला म्हणाली. त्या दिवसापासून ती मला ‘मास्तरीणबाय’ म्हणायला लागली. मानानं नव्हे.

पुस्तक दिलं होतं. पहिल्याच पानावर अननस. जाऊ म्हणाली, “अननस मी आयुष्यात लावला नाय, खाल्लाय दोनदा. त्याच्यावाचून माझं काय अडलंय?” तीन दिवस अननसावर घालवले. तिच्या डोक्यात काही शिरेना आणि माझं डोकं फिरायला लागलं. चौथ्या दिवशी बाजारात बसलो होतो. समोर गाडी लागली. जाऊ म्हणाली, “ही तलासरीची.”

मी चमकले. “कशावरून?”

“कोंबड्या चढल्या ना. मच्छीच्या टोपल्या चढल्या की किनाऱ्याची. फायलीवाले चढले की ती सरकारी कामाची, पालघरची.”

ही तिची वाचायची रीत. बरोबर होती, पण रोज कोंबड्या कुठून येणार? मी पुस्तक मिरचीच्या पोत्याखाली घातलं आणि म्हटलं, “अननस मरू दे. गाडीच्या काचेत ती पाटी आहे ना, तिच्यावर पहिलं अक्षर कसं दिसतं ते सांग.”

“वाकडी मुळी खाली सोडल्यासारखं. बाजूला काठी रोवलेली.”

“तो त.”

अशी तिची शाळा ‘अ’वरून नाही, ‘त’वरून सुरू झाली. त, ल, स, र. या चार अक्षरांवर तिनं पौष महिना काढला. चारांतून तिनं तार केली, ताल केला, रस केला, सरस केला. गाडी आली की वाचायचं, गिऱ्हाईक आलं की तोलायचं. आणि गाडी नि गिऱ्हाईक एकदम आले तर गाडी आधी.

“मावशी, मिरची कशी दिली?”

“थांब जरा. वा… ण… गाव. वाणगाव! हां, काय पायजे तुला?”

गिऱ्हाइकंही सामील झाली. एक रेल्वेतला बाबू रोज तिला विचारायचा, “काय आजी, आज कुठवर पोचलात?” ती म्हणायची, “डहाणूतच आहे. ड आणि ह भांडखोर आहेत.” संध्याकाळी घरी जाताना ती दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत चालायची. एकदा तिनं भर रस्त्यात “येथे लघवी करू नये” असं ठणकावून वाचलं. भिंतीपाशी उभा असलेला एक गृहस्थ तसाच पळाला. त्या दिवशी आम्ही दोघी हसून हसून गटाराच्या कठड्यावर बसलो. मला वाटतं, लग्न होऊन आल्यापासून आम्ही पहिल्यांदाच एकत्र एवढ्या हसलो.

पण मला तो डबा आठवला होता. ही आता जोडाक्षरांना आली. एक दिवस फळीवर हात घालील. दोन दिवस मी डोकं दुखतंय म्हणून शिकवलंच नाही. तिसऱ्या दिवशी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली, पाटी मांडीवर घेऊन. तशीच, जशी आधी कागद वाचून घ्यायला बसायची. म्हणाली, “मास्तरीणबाय, डोकं माझं आहे का तुझं? माझं दुखत नाय. चल.” मी म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते, आणि ‘क्ष’ काढून दिला.

परीक्षा होळीनंतरच्या रविवारी, शाळेतच. पोरांच्या बाकांवर म्हाताऱ्या बसवल्या. गुडघे बाकाखाली जाईनात म्हणून जाऊ आडवी बसली. मला आत जाऊ देईनात, मी खिडकीशी उभी. बाई म्हणाल्या, “आजी, तुम्ही खुणा करायच्या नाहीत.” मी खुणा करत नव्हते, माशी वारत होते. थोडी खूणही करत होते.

निम्मा पेपर झाला असेल, तेवढ्यात जावेचा मुलगा मोबाईल हातात घेऊन धावत आला. माझ्या शेजारून खिडकीत डोकं घालून ओरडला, “आई! ताईचा फोन आला. तुझी नात मोकळी झाली. मुलगी झाली!”

जावेनं मान वर केली नाही. “गप,” म्हणाली, “पेपर चाललाय.”

सगळा वर्ग हसला, बाई तोंडावर हात धरून भिंतीकडे वळल्या. जावेनं स्वतःचं नाव लिहिलं, गावाचं लिहिलं, मग कुणी विचारलं नव्हतं तरी खाली ओळीनं लिहिलं: वाणगाव, डहाणू, तलासरी. त्यानंतर उठली, बाहेर आली आणि मुलाला म्हणाली, “बारसं बाराव्या दिवशी. मी जाणार. तू रविवार राखून ठेव, झोपायला.”

बाराव्या दिवशी सकाळी आम्ही तिला डहाणूच्या स्टँडवर सोडलं. नवी निळी साडी, डोक्यावर बोचकं. बोचक्यात बाळाची कुंची, मिरच्या, चिकू. मुलगा म्हणाला, “आई, कंडक्टरला सांगून ठेवतो.” ती म्हणाली, “खबरदार.” तीन गाड्या उभ्या होत्या. तिनं तिन्हींच्या काचा वाचल्या. कोंबड्यांकडे बघितलंही नाही. योग्य गाडीत चढली आणि खिडकीतून मला म्हणाली, “बघतेस काय, जा, मिरची सुकतेय.”

ती चार दिवसांनी परत आली. आली ती थेट बाजारात, माझ्या शेजारी. बोचकं ठेवलं, वाटे सारखे केले आणि म्हणाली, “तुझी शाळा तलासरीपर्यंतच आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे तलासरीपर्यंत झकास गेले. सगळ्या पाट्या वाचल्या. बाजूला बसलेल्या बाईला पण वाचून दाखवल्या, ती बिचारी झोपत होती. तलासरीला उतरले, गुजरातची गाडी ठाऊक होती, फलाट ठाऊक होता, बसले. आता लेकीचा थांबा माझ्या ओळखीचा, दोन ताड आहेत जोडीनं. ते दिसले. पण मी म्हटलं, ताडावरून काय उतरायचं? आपण आता शिकलेल्या. पाटी वाचून उतरू. पाटी आली. बघते तर अक्षरं अर्धवट. डोक्यावरचा पदर पडलेल्या बायांसारखी. म्हटलं, रंगारी काम अर्धं टाकून गेला असेल, पुढे पुरी पाटी असेल. तोवर गाडी सुटली.”

“अगं मग?”

“मग काय. पुढची पाटी पण तशीच. त्याच्या पुढची पण. मला वाटलं, या सगळ्या मुलखाचा रंगारी एकच आहे काय? कंडक्टर म्हणाला, ‘मासी, क्यां उतरवुं छे?’ मी म्हटलं, ‘इथेच.’ कुठे उतरले देव जाणे. बोचकं डोक्यावर घेतलं आणि रस्त्यानं उलटी चालत सुटले. ताड येईपर्यंत. दुपारचं ऊन, बाय, डोक्यावर चिकू.”

“आणि बारसं?”

“पाळणा टांगलेला, बाया बसलेल्या, घुगऱ्या पार गार. पण लेकीनं नाव ठेवू दिलं नव्हतं. म्हणाली, माझी आई येतेय, एकटी येतेय, ती आल्याशिवाय पाळण्याला हात लावायचा नाय. मी सांगितलं, गाडी लेट झाली.” ती माझ्याकडे वळली. “हे फक्त तुला सांगितलंय. तोंड उघडलंस तर बघ.”

मी तोंड उघडलं, पण हसायला. ताडाची दोन झाडं डोळ्यांसमोरून गेली तरी पाटीसाठी बसून राहायचं, हे अडाणी माणूस कधी करणार नाही. ते माझ्या शिष्येनंच करावं! तीही हसायला लागली. समोरचं गिऱ्हाईक कंटाळून दुसरीकडे गेलं.

हसून झाल्यावर तिनं बोचक्यातून एक पुस्तक काढलं. गुजराती बालपोथी, नातीच्या दिराच्या मुलाची जुनी. “घे,” म्हणाली, “आता हे शिकव.”

मी पुस्तक उघडलं. अर्धी अक्षरं ओळखीची, वरची रेघ काढून टाकलेली. उरलेली भलतीच. मी पान उलटलं, आणखी एक उलटलं. आमच्या मिरच्या आम्ही कित्येक वर्षं गुजराती पेपरच्या रद्दीत बांधून देत होतो. माझ्या हातांखालून किती बातम्या गेल्या असतील. मला कधी वाटलंच नाही की तिथे काही लिहिलेलं आहे.

“मला येत नाही,” मी म्हटलं.

“काय?”

“येत नाही म्हटलं ना. ऐकू येत नाही का?”

“मास्तरीणबायला येत नाय!” ती अशी ओरडली की स्टँडवरचा कंट्रोलर बाहेर आला.

मला राग आला. मग कळलं की राग तिच्यावर नव्हता. घरापासून दोन गाड्यांच्या अंतरावर मी अंगठाबहाद्दर होते आणि सगळा जन्म चौथी पासचा तोरा मिरवत होते. अडाणी म्हणजे बिनडोक, असं मी मनातल्या मनात धरून चालले होते. ओट्यावर बसलेल्यांकडे मी त्याच नजरेनं बघायची. तसं नसतं. तुमच्यासमोर जे लिहिलंय ते तुम्हाला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागतं आणि तो जे वाचील तेवढंच तुमच्या वाट्याला येतं. बाईंचा उजेड-अंधार मला आजही पटत नाही. पण ज्या गावात वाचणारं एकच माणूस असतं, त्या गावाला त्या माणसाच्या लहरीवर चालावं लागतं. हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण ते माणूस मी होते.

आमच्या पलीकडे बांगड्यांचं दुकान आहे. ते चालवणारी बाई गुजराती. तिला म्हटलं, शिकवशील का? ती म्हणाली, “आवो मासी, आवो,” आणि दुपारच्या मंदीत आम्हाला बांगड्यांच्या खोक्यांवर बसवलं. जाऊ माझ्या पुढे गेली. तिच्या हाताला सवयी नव्हत्या. मी मात्र प्रत्येक शब्दावर रेघ ओढायची. बांगडीवाली पुसायची, मी परत ओढायची. जाऊ म्हणायची, “हिचा पदर काही ढळत नाय.”

बाळ तीन महिन्यांचं झालं आणि सासरी निघायची वेळ आली. नातीला वाटेला लावायला जाऊ जाणार होती. मला म्हणाली, “तू पण चल. परीक्षा आहे आपली.” गेले. तलासरीपर्यंत मी वाचत होते, पुढे ती वाचायला लागली. मी अक्षरं जुळवतेय तोवर गाडी पाटी ओलांडून जायची. दोन ताड दिसले आणि माझ्या तोंडून निघालं, “आलं!” तिनं हात धरून मला खाली बसवलं. पाटी येऊ दिली. ओठ हलवत वाचली, पुरी वाचली. मग म्हणाली, “आता उतर, मास्तरीणबाय. आलं.”

ताडाखालून गावात जायला पायवाट आहे. अर्ध्या वाटेवर ती पुढे बघतच म्हणाली, “ते लावणीचं पोस्टकार्ड मी वाचलं.”

मी चालत राहिले. “केव्हा?”

“परीक्षेआधीच. सगळा डबा वाचून काढला.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू शिकवायची बंद झाली असतीस.” थोडं चालल्यावर ती म्हणाली, “लावणी तुझ्या एकटीवर पडली असती.”

“पडली असती.”

“एकटीनं नसती केलीस तू.”

“नसती केली.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “आता चार दिवस राहायचं. तू पण.”

मी म्हटलं, पेरणी तोंडावर आलीय, घरी कोण बघणार? ती म्हणाली, “घरी हातांना तोटा नाय.”

राहिले. पणती गोरीगोमटी नाही, पण आवाज जावेचाच, अर्ध्या गावाला ऐकू जाईल असा. चौथ्या दिवशी सकाळी नात सासरी गेली. तिची गाडी दिसेनाशी झाल्यावर मी माझी पिशवी भरायला घेतली. जाऊ ओट्यावर बसून होती. म्हणाली, “कुठे निघालीस?”

“झाले चार दिवस.”

“तीन झाले. आल्याचा दिवस धरत नाहीत.” तिनं कमरेच्या पिशवीतून पोस्टकार्ड काढलं, पिवळं, कडा खाल्लेलं, आणि माझ्यासमोर धरलं. पुतणी शेजारी तांदूळ निवडत होती. “वाच,” जाऊ म्हणाली. “मोठ्यानं. सगळं.”

मी हात धुतले, पदराला पुसले, पण या वेळी सावकाश नाही. मी वाचलं. ती ओळही वाचली.

पुतणीनं सूप खाली ठेवलं. “हे मी कधी लिहिलं होतं गं? मला तर आठवतच नाय.”

जावेनं आणि मी एकमेकींकडे बघितलं, आणि आधी ती हसली की मी, ते आता सांगता येणार नाही. मी पिशवी परत खुंटीला लावली.